कातडीची आतली बाजू

पेंढा भरलेला प्राणी समोर आला की माणूस आधी डोळे बघतो. काचेचे आहेत हे ठाऊक असूनही बघतो. मग जबडा, मिशा, पंजे. आणखी वीस वर्षांनी तो प्राणी कसा दिसेल, हे मात्र यांपैकी कशावरच ठरत नाही. ते ठरतं कातडीच्या आतल्या बाजूवर, आणि ती बाजू साच्यावर चिकटली की पुन्हा कुणाच्या नजरेस पडत नाही. जुन्या संग्रहांमध्ये याच्या खुणा जागोजागी सापडतात: कानांच्या कडा सुकून वळलेल्या, ओठ मागे सरकून हिरड्या उघड्या पडलेल्या, टाक्यांच्या रेषेवरचे केस गेलेले, पोटाखाली पिवळट तेलाचे डाग. पाहणारा म्हणतो, जुना झाला. पुष्कळदा दोष वयाचा नसतो. पहिल्याच दिवशी त्या कातडीला मांस आणि चरबी राहून गेलेली असते.

सोललेल्या कातडीच्या आतलं मांस, चरबी आणि चिवट पापुद्रा तासून काढणं, याला या व्यवसायात फ्लेशिंग म्हणतात. पुढच्या पानांमध्ये फक्त या एका कामाच्या हत्यारांचा विचार आहे. साचे, काचेचे डोळे, रंगकाम यांवर लिहायला सगळ्यांना आवडतं. कातडी तासण्याचं काम मात्र चिकट, वासाचं आणि कंटाळवाणं, म्हणून ते एका वाक्यात उरकलं जातं. नवा माणूस तिथेच अडतो आणि विचारतो: कोणतं मशीन घेऊ? माझं उत्तर असं की मशीन सगळ्यांत शेवटी घ्या. त्याआधी एक तिरपा ओंडका, एक दोन मुठींचा सुरा आणि त्या सुऱ्याला स्वतः धार लावण्याची सवय, एवढं हवं. असं का म्हणतो, ते या प्रस्तावनेत जरा विस्तारानं सांगतो.

मुंबईला टॅक्सिडर्मीची, म्हणजे प्राणी असे पेंढा भरून टिकवण्याच्या कामाची, जुनी ओळख आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली, आणि आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं निसर्गविज्ञानाचं दालन तिच्या संग्रहाच्या आधारानं उभं राहिलं. ते दालन पाहूनच परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक डॉ. संतोष गायकवाड या कलेकडे वळले. ती त्यांनी स्वतःच्या धडपडीनं शिकून घेतली, आणि २००९ साली बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव टॅक्सिडर्मी केंद्र सुरू झालं. शरीररचना शिकवणारा माणूस या कामात पुढे आला यात मला नवल वाटत नाही. कातडीखाली कुठे स्नायू आहे, कुठे नुसतीच चरबी आहे आणि कुठे हाडाला लागून पापुद्रा आहे, हे ज्याला ठाऊक त्याचा सुरा आपोआप योग्य खोलीवर थांबतो.

दुसरीकडे म्हैसूरचा व्हॅन इंगन यांचा कारखाना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जवळजवळ ते शतक संपेपर्यंत तो चालला. संस्थानिकांचे आणि साहेबांचे वाघ-बिबटे हजारोंच्या संख्येनं तिथे गेले. ते काम आजही थक्क करतं, पण त्याच्यामागे कामगारांची मोठी फळी होती. ज्यांच्यासाठी मी लिहितो आहे त्यांच्याकडे एक टेबल, एक डीप फ्रीझर, मदतीला फार तर एक जण आणि महिन्याला मोजक्या कातड्या असतात. कारखान्याची हत्यारं कारखान्याच्या कामासाठी असतात. त्यांच्याकडे पाहून आपली यादी करू नये.

आधी कातडी समजून घेऊ. वरच्या पातळ थराखाली खरी त्वचा असते. चामडं होतं ते तिचंच, आणि केसांची मुळंही तिच्यातच रुतलेली असतात. तिच्याखाली सैल धाग्यांचा थर, त्यात चरबी, आणि पुष्कळ सस्तन प्राण्यांमध्ये कातडी थरथरवणारा एक पातळ स्नायू. गाय अंगावरची माशी उडवते ती याच स्नायूनं. खऱ्या त्वचेखालचं हे सगळं काढायचं आणि तिला स्वतःला धक्का लावायचा नाही, एवढाच या कामाचा अर्थ. थोडं कमी काढलं तर मीठ आत शिरत नाही, पुढे कमावण्याची रसायनंही शिरत नाहीत, जिवाणू केसांच्या मुळाशी पोचतात आणि केस झुपक्यांनी हातात येतात. थोडं जास्त काढलं तर मुळंच कापली जातात आणि केस समोरच्या बाजूनं गळतात. दोन्ही चुका बाहेरून सारख्याच दिसतात, पण त्यांची कारणं अगदी उलट असतात. डुकराच्या बाबतीत तर राठ केसांची मुळं जवळजवळ चरबीपर्यंत उतरलेली असतात, तिथे खोल जाण्याला वावच नाही. सशाची कातडी इतकी पातळ की सुरा टेकवायच्या आधी बोटांनी आणि चमच्याच्या कडेनं जेवढं निघेल तेवढं काढावं. बोकडाची कातडी पाठीवर जाड, बगलेत आणि जांघेत एकदम पातळ. एकाच हातानं, एकाच जोरानं संपूर्ण कातडी तासता येत नाही, आणि यंत्रावर भिस्त ठेवणाऱ्याला हेच उशिरा कळतं.

त्यात आपली हवा. या विषयावरची बहुतेक माहिती उत्तर अमेरिकेतून येते. तिथला फासेपारधी हिवाळ्यात कातडी काढतो, थंड खोलीत टांगून ठेवतो आणि सवडीनं दुसऱ्या दिवशी तासतो. मुंबईत किंवा कोकणात मे महिन्यात तसं केलं तर काही तासांतच पोट, कान आणि ओठ हिरवट पडू लागतात. पावसाळ्यात हवाच इतकी ओली की मीठ लावलेली कातडी दिवसेंदिवस पाणी सोडत राहते. म्हणून आपल्याकडे हत्यार निवडताना एक प्रश्न सर्वांत आधी विचारावा: याच्या साह्यानं मी ही कातडी एका बैठकीत पुरी करू शकेन का? करता येणार नसेल तर प्राणी अख्खाच फ्रीझरमध्ये राहू द्यावा. अर्धवट तासून बाजूला ठेवलेली कातडी वाचत नाही.

आता ओंडका. इंग्रजी मुलखात त्याला बीम म्हणतात, आणि कातडी कमावणाऱ्यांकडे तो जगभर शतकानुशतकं आहे. एक लांबट, पाठीला गोलाई दिलेला लाकडी तुकडा, एक टोक जमिनीकडे, दुसरं उभ्या माणसाच्या कमरेपाशी. कातडी केसांची बाजू खाली करून त्यावर पसरायची, वरची कडा स्वतःच्या पोटानं ओंडक्यावर दाबून धरायची, आणि दोन्ही हातांनी सुरा स्वतःपासून दूर ढकलायचा. दोन्ही हात मोकळे राहतात, शरीराचं वजन कामी येतं आणि मनगटांवर ताण येत नाही. महाराष्ट्रात ढोर समाजानं पिढ्यान्‌पिढ्या कातडी तासली, बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावली, आणि कोल्हापुरी चपलेचं चामडं त्यांच्याच हातांतून आलं. ते काम समाजानं कमी लेखलं, त्यामुळे त्यातलं ज्ञान लिहून ठेवलं गेलं नाही. ज्याला हे शिकायचं आहे त्यानं परदेशी चित्रफिती पाहण्याआधी असा एखादा जुना कारागीर शोधावा, त्याच्याजवळ बसावं आणि त्याला गुरूचा मान द्यावा. त्याचा हात कातडीवरून फिरतो तेव्हा तो जाडी मोजत असतो.

ओंडका विकत आणण्याची गरज नाही. घट्ट रेषांचं, गाठ नसलेलं कोणतंही कठीण लाकूड चालतं, सुताराकडून पाठ गोल आणि गुळगुळीत करून घ्यायची. गाठ किंवा उंचवटा राहिला तर नेमकं तिथेच कातडीला भोक पडतं. त्याहून सोपा उपाय म्हणजे १६० किंवा २०० मिलिमीटर व्यासाचा जाड पीव्हीसी पाइप, आतून लाकडाचा आधार देऊन तिरपा बसवलेला. तो चरबी पीत नाही, गरम पाण्यानं आणि साबणानं धुता येतो, आणि आपल्या दमट हवेत त्याला बुरशी धरत नाही. पारंपरिक लाकडावर माझं प्रेम आहे, तरी लहान जागेत काम करणाऱ्याला मी पाइपच सुचवेन. ससा किंवा मांजर अशा लहान कातडीला मात्र अरुंद, टोकाकडे निमुळता होत जाणारा ओंडका वेगळा हवा. रुंद पाइपवर ती ताणून बसत नाही. आणि तासण्याआधी केस विंचरून काढावेत. केसांत अडकलेला काटा किंवा चिखलाचा गोळा कातडीखाली आला तर तोही गाठीइतकाच घातक.

सुऱ्याबद्दल जास्त लिहितो, कारण खरी निवड इथे आहे. दोन टोकांना मुठी, मध्ये लांब, किंचित वाकलेलं पातं. नेकर आणि कॅरिबू ही अशा सुऱ्यांची नावं उत्तर अमेरिकेतल्या फासेपारध्यांच्या तोंडी कायम असतात. अशा सुऱ्याला बहुधा दोन धारा असतात. एक बोथट, जिनं चरबी नुसती ढकलत न्यायची. दुसरी तीक्ष्ण, जिनं चिवट पापुद्रा आणि मानेजवळचं मांस कापायचं. नवा माणूस तीक्ष्ण धारेकडे धावतो. वास्तविक निम्म्याहून अधिक काम बोथट धारेनं होतं आणि तेच सुरक्षित असतं. पातं जवळजवळ उभं धरून ढकललं की चरबी लाटेसारखी पुढे सरकते. पातं आडवं करत नेलं की ते कापायला लागतं. या दोन कोनांमधला फरक हाताला कळला की निम्मी विद्या आली. दिशा शक्यतो मानेकडून शेपटीकडे, म्हणजे केसांच्या कलाबरोबर. बगल, जांघ आणि मादीच्या स्तनाग्रांजवळ हात हलका.

बाहेरचा सुरा मागवणं परवडत नसेल तर गावातल्या लोहाराकडे जावं. ट्रकच्या कमानीच्या पाट्याचं पोलाद कोयत्यासाठी तो वापरतच असतो, त्यातूनच त्याच्याकडून दोन मुठींचं पातं घडवून घेता येतं. दोन गोष्टी त्याला बजावून सांगाव्यात: पात्याची टोकं गोल हवीत, कारण टोचणारा कोपरा हमखास भोक पाडतो, आणि दोन धारांपैकी एक खरोखर बोथट हवी. स्टेनलेसचं पातं गंजत नाही, पण त्याला धार लावायला वेळ लागतो. साध्या कार्बन पोलादाचं पातं सहाणेवर झटकन तयार होतं, मात्र मीठ आणि आम्ल त्याला खातं. काम झालं की धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवण्याची शिस्त ज्याला आहे त्यानं कार्बन घ्यावं. ती शिस्त नसेल तर स्टेनलेस.

चेहऱ्याला सुरा लागत नाही. पापण्या, नाक, ओठांच्या आतली घडी, कानाची कूर्चा हे सगळं शस्त्रक्रियेच्या छोट्या पात्यांचं काम. ३ आणि ४ क्रमांकाच्या मुठी, १०, १५ आणि २२ क्रमांकांची पाती सर्जिकल दुकानात अगदी स्वस्तात मिळतात. पातं ओढायला लागलं की टाकून द्यावं आणि नवं लावावं, काटकसर इथे नको. चेहऱ्यावर घाई केली तर ती कायमची चेहऱ्यावरच दिसते.

पक्ष्यांची गोष्ट निराळी. पक्ष्याची पिसं सगळ्या अंगावर सारखी उगवत नाहीत, ती पट्ट्यांमध्ये असतात, आणि त्या पट्ट्यांच्या आसपास चरबी साठते. बदकात आणि पाळीव हंसात ती इतकी असते की कात्रीनं काढता काढता माणूस थकतो. इथे तारेचं फिरतं चाक खरंच कामाचं. बारीक तारांचं ब्रशसारखं चाक एका लहान मोटरवर बसवलेलं, त्यावर कातडीची आतली बाजू हलकेच टेकवायची. पाव अश्वशक्तीची मोटर पुरते. बाजारातला साधा बेंच ग्राइंडर आपल्याकडे मिनिटाला २८०० च्या वर फेरे घेतो, पातळ कातडीला ते फार. त्याऐवजी १४४० फेऱ्यांची मोटर घ्यावी आणि तिला पायानं चालणारा स्विच लावावा, म्हणजे कातडी अडकली तर पाय उचलताच चाक बंद होतं. चाक नेहमी कातडीच्या मधून कडेकडे जाईल असं धरावं. कडेकडून आत शिरलं की ते कातडी गुंडाळून घेतं. कोंबडा आणि कबूतर यांच्यापुरतं काम असेल तर मात्र चाकावर पैसे घालू नयेत. वाकडी कात्री आणि तारेचा हातब्रश तेवढ्याला पुरेसा आहे.

राहिलं गोल पात्याचं यंत्र. सगळ्यांना मोह असतो तो याचाच. थाळीसारखं फिरणारं पातं, त्याच्या कडेला मुद्दाम वळवलेली धार, आणि किती खोल कापायचं हे ठरवणारं पुढचं आवरण. मोठी, जाड कातडी आम्लाच्या पाण्यातून काढल्यावर फुगून घट्ट होते, तेव्हा हे यंत्र तिला झपाट्यानं पातळ करतं. हरणासारख्या प्राण्यांची डोकी रोज करणाऱ्या अमेरिकन कार्यशाळेत त्याला पर्याय नाही. आपल्या लहान कामात ते बहुतेक वेळ झाकूनच राहील. पहिली अडचण धारेची. ती नुसती घासून होत नाही, पोलादी सळ्यांनी वळवावी लागते, आणि काम चालू असतानाही वारंवार पुन्हा बसवावी लागते. ज्यानं हातातल्या सुऱ्याची धार कधी सांभाळली नाही त्याला हे यंत्र पहिल्या दिवशी कापतं आणि दुसऱ्या दिवशी फाडतं. दुसरी अडचण विजेची, आणि विक्रेता ती सांगत नाही. अमेरिकन यंत्र ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झचं, आपला पुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झचा. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलून देतो, हर्ट्‌झ बदलत नाही. तिकडे १७२५ फेरे घेणारी मोटर इथे १४४० च्या आसपास येते आणि तापते. मागवायचंच असेल तर मोटरशिवाय मागवावं आणि मोटर इथली बसवावी.

आता जिवाची गोष्ट. तारेचं चाक आणि गोल पातं दोन्ही चरबीचे आणि रक्ताचे बारीक कण हवेत उडवतात. कोणत्या कारणानं मेला हे ठाऊक नसलेला कुत्रा किंवा मांजर चाकावर धरणं म्हणजे रेबीजशी खेळ. पाळीव पोपटांकडून सिटाकोसिस होऊ शकतो, कोंबड्या-बदकांकडून बर्ड फ्लू. शेळी, मेंढी, गाय अचानक मेली असेल आणि नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून रक्त आलं असेल, तर तिला सुरा लावूच नये. तो फाशी रोग असू शकतो, आणि अशा जनावराला उघडलं की त्याचे जंतू वर्षानुवर्षं जमिनीत टिकणारं रूप घेतात. पशुवैद्याकडून मृत्यूचं कारण कळल्याशिवाय हत्यार उचलायचं नाही, हा नियम मी या पुस्तिकेतल्या कुठल्याही हत्यारापेक्षा मोलाचा मानतो. गॉगल, मास्क, रबरी एप्रन हवेच. फिरत्या चाकाजवळ सैल हातमोजे, अंगठी, ओढणी नको.

कायद्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन्य प्राण्याचं कलेवर, मग तो शिकारीत मेला असो की मेलेला सापडला असो, सरकारच्या मालकीचं असतं, आणि टॅक्सिडर्मीच्या व्यवसायाला परवाना लागतो. रस्त्यावर मेलेलं रानमांजर किंवा शेतात पडलेला मोर शिकण्यासाठी घरी आणणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. वन विभागाला कळवा. शिकायला कोंबडा, बदक, पाळीव ससा, बोकड आणि मालकानं राजीखुशीनं दिलेले पाळीव प्राणी पुष्कळ आहेत, आणि या पुस्तिकेतला प्रत्येक शब्द त्यांनाच धरून लिहिला आहे.

तेव्हा वाचकाला सांगणं असं. कॅटलॉग उघडण्याआधी ओळखीच्या खाटकाकडून बोकडाची ताजी कातडी आणा, पाइप तिरपा बसवा, आणि साध्या दोन मुठींच्या सुऱ्यानं ती एका बैठकीत मानेपासून शेपटीपर्यंत साफ करा. मग उजेडासमोर धरून पाहा: कुठे पांढरी आहे, कुठे अजून पिवळट, कुठे भोक पडलं. तिच्या वजनाइतकं बारीक मीठ चोळा, दुसऱ्या दिवशी ओलं मीठ झटकून नवं लावा आणि केस ओढून बघा. अशा काही कातड्या एकही केस न गळता हातून गेल्यावर तुमच्या कामात नेमका कुठे वेळ जातो हे तुम्हालाच दिसेल. तो पक्ष्यांच्या चरबीत जात असेल तर चाक घ्या. जाड माना पातळ करण्यात जात असेल तर गोल पात्याच्या यंत्राचा विचार करा. यांपैकी काहीच नसेल तर पैसे दुसऱ्या डीप फ्रीझरवर खर्च करा.